भंडाऱ्यातली चिठ्ठी

अणदूरला हायवेच्या कडेला बब्रुवान तात्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. त्या दुकानापुढून जाताना निम्मं गाव मनातल्या मनात पाढे म्हणतं. खोटं वाटत असेल तर जाणाऱ्यांच्या ओठांकडं बघा. शेजारचा हाटेलवाला कुमार तेराचा पाढा धरतो आणि दर वेळी मधेच अडकतो. अंगणवाडीच्या बाई पदर सावरून रामरक्षा सुरू करतात, त्या दुकान संपलं की थांबतात. कारण एकच. तात्यांना माणसाच्या मनातलं ऐकू येतं, असं गावात बोललं जातं.

"आवं, नुसती नजरानजर झाली की खलास," भज्याचं पीठ कालवता कालवता कुमार गिऱ्हाइकाला सांगतो. सांगताना त्याचा आवाज इतका बारीक होतो की ऐकणारा आपोआप पुढं वाकतो. "तुमी सकाळी काय खाल्लाव, बायकूला काय बोल्लाव, समदं त्येंच्या कानात. सख्ख्या भावाची विहीर उडवली की वो त्येंनी! हात न लावता! देवाच्या दारात!"

आता खरं काय ते सांगायचं तर तात्यांना मनातलं सोडाच, तोंडानं बोललेलंही धड ऐकू येत नाही. उभी हयात मोटारींच्या घरघरीत गेल्यानं डावा कान मंद झालाय. "तात्या, चहा सांगू का?" असं विचारलं की ते म्हणतात, "व्हय, मोटार परवाच भरून ठिवलीय, घिऊन जावा." आणि भावाच्या विहिरीचं म्हणाल तर तेही कुमार सांगतो तसं नाही. हात लावला होता. पण तो विहीर घ्यायला नव्हता.

तात्या आधी पत्त्यांचे होते. तरुणपणी खंडोबाच्या यात्रेत एक जादूगार आला होता, त्याच्या तंबूमागं पाणी भरत हिंडून त्यांनी पहिले दोन खेळ उचलले. पुढचे आपल्या आपण. पण आपल्याकडं माणसाच्या खिशात पत्त्यांचा कॅट दिसला की त्याला जादूगार कुणी म्हणत नाही. आईनं कॅट घरात येऊ दिला नाही, तो कडब्याच्या गंजीत राहायचा. पावसाळ्यात चौकटची दुर्री भिजून फुगली, तेव्हापासून ती निवडून काढायला तात्यांना डोळेसुद्धा लागत नसत.

लग्न ठरवायला ते थोरले भाऊ रामकिसन दादा यांच्याबरोबर पार ईट गावाला गेले होते. मुलगी बाहेर आली, पोह्यांच्या बशा आल्या, तात्यांनी अदबीनं वाकून बशी घेतली आणि बाहीतून बदामाची राणी सरळ पोह्यांत जाऊन उभी राहिली. मुलीचे वडील खाकरले. "पावणं," ते म्हणाले, "एक राणी आगुदरच बाहीत हाय. आमचीला कुठं ठिवनार?"

येताना एसटीत रामकिसन दादा इतके हसले की कंडक्टरनं पाणी आणून दिलं. घरी आल्यावर मात्र दादा आपल्या बायकोला, सिताबाईला, एवढंच म्हणाले, "बब्याचं ताट आपल्यातच वाढत जा. कायमचं." तेव्हापासून तात्यांचं ताट दादांच्या ताटाशेजारी. तात्यांची खोली वेगळी, दार वेगळं, पण चूल एक. सकाळची भाकरी आणि सांजची भाकरी, दोन्ही वेळा दादा बोलायचे आणि तात्या उजवा कान पुढं करून ऐकायचे.

दुसरी चैन म्हणजे गर्दी. शाळेचं गॅदरिंग असो, गणपती असो, कुणाची हळद असो, तात्यांनी पत्ते पिसले की माणसं खांद्यावर चढायची. "धर! धर त्येचा हात!" "बाहीत हाय, बाहीत!" "आरं तोंडात बघ तोंडात!" कुणी मनगट धरायचं, कुणी टोपी काढून बघायचं. एकदा एका पैलवानानं त्यांना पाय धरून उलटं केलं होतं. पत्ता निघायचा त्या पैलवानाच्याच मुंडाशातून. मग जो दंगा उठायचा, तो मंद कानालाही ऐकू जायचा. तात्या त्या दंग्यासाठी जगायचे म्हटलं तरी चालेल.

मग एक दिवस साखळीवरून जळकी मोटार निसटली आणि उजव्या हातावर आली. हाड जुळलं, पण मधली दोन बोटं आत वाकली ती वाकलीच. त्या वर्षीच्या गणपतीत तात्यांनी पत्त्यांचा पंखा उघडला आणि तो अख्खा मांडवात सांडला. पोरं धावली. एकानंही "धर धर" केलं नाही. सगळ्यांनी पत्ते गोळा केले, पुसले, आणि आजारी माणसाला औषध द्यावं तसे हातात दिले. "घ्या तात्या." "ऱ्हाऊ द्या तात्या, बसा." टाळ्यासुद्धा वाजवल्या. तात्यांनी त्या दिवसापासून पत्ते सोडले.

दुकानात फोन होता. त्यावर कुठल्यातरी परमुलखातल्या जादूगाराचे व्हिडिओ यायचे. त्याची भाषा तात्यांना कळत नव्हती, म्हणून आवाज बंद करून ते नुसते हात बघायचे. तो माणूस पत्त्याला शिवतच नव्हता. समोरच्याला कागदाचा कपटा द्यायचा, त्यावर नाव लिहायला लावायचा, घडी घालायला लावायचा आणि कपाळाला दोन बोटं लावून ते नाव सांगायचा. खाली लिहिलेलं असायचं मेंटॅलिझम, आणि कपट्याला म्हणायचे बिलेट. तात्यांनी त्याचं सरळ 'मनाचं काम' आणि 'चिठ्ठीचं काम' करून टाकलं.

चिठ्ठीचं काम तसं सोपं. दोन गोष्टी. समोरच्याची चिठ्ठी हातात आली की तिच्या जागी तशीच घडी घातलेली कोरी ठेवायची, ही अदलाबदल. आणि खरी चिठ्ठी कुणाला न दिसता उघडून वाचायची. सोपं म्हणजे सांगायला सोपं. करताना हात मोकळा दिसला पाहिजे, चेहरा हाताकडं वळता कामा नये, आणि तोंडानं दुसरंच काहीतरी चाललं पाहिजे. आरशासमोर बसल्यावर तात्यांना एक नवल दिसलं. वाकडी दोन बोटं आत वळून जी खोबण झाली होती, तीत घडीची चिठ्ठी अशी बसायची की जणू तिच्याच मापानं हाड जुळलं होतं. हात झटकला तरी पडेना. वाकडा हात कुणी निरखून बघतही नाही. बघितलंच तर भल्या माणसासारखी नजर काढून घेतो.

अडचण एकच होती. चिठ्ठी लिहायला कुणीतरी लागतं. गिऱ्हाइकाला घाई, कुमारला भजी, दादांना रान. म्हणून तात्या स्वतःच लिहायचे. उन्हाच्या तिरिपीत, वार्निशच्या वासात, गोणपाटावर बसून चिठ्ठीवर लिहायचे 'जेवलास का', घडी घालायचे, समोरच्या रिकाम्या स्टुलावर ठेवायचे. मग अनोळखी माणसासारखे तिच्याकडं वळायचे, उचलायचे, बदलायचे, खोबणीत उघडायचे, वाचायचे आणि कपाळाला बोटं लावून मोठ्यानं म्हणायचे, "तुमच्या मनात सवाल हाय... जेवलास का." आणि थोडं थांबून, "व्हय, जेवलो की." दुकानापुढून कुणी गेलं तर त्याला एवढंच दिसायचं की तात्या स्टुलाशी बोलतात. पाढ्यांची सुरुवात बहुतेक तिथूनच झाली.

पहिला खेळ त्यांनी कुमारच्या हाटेलात केला. बाकड्यांवर नेहमीचे लोक होते. कुमारला चिठ्ठी दिली. "लिव्ह, जे मनात यील ते नाव."

"काय बी?"

"काय बी."

कुमारनं पाठ करून लिहिलं, घडीवर घडी घातली. तात्यांनी ती घेतली, बशीत ठेवली, बशीवर ग्लास पालथा घातला. सगळे ग्लासातल्या चिठ्ठीकडं बघत राहिले, जी कुमारची नव्हतीच. तात्यांनी टोपी सावरली, डोळे मिटले आणि म्हणाले, "बाईमाणूस हाय... राजेश्वरी."

कढईपाशी कुमारची बायको उभी होती. तिचं नाव राजेश्वरी नव्हतं.

तात्या दंग्याची वाट बघत उभे राहिले. आता कुणीतरी हात धरेल. आता कुणीतरी म्हणेल, ग्लास उचला, बाही झटका. कुणी हललं नाही. कढईत भजी करपली. कुमारची बायको म्हणाली, "कोन हो ही?" आणि बाकड्यावरचा एकेक जण चहा अर्धा टाकून उठला. जाताना ते तात्यांच्या हाताकडं बघत नव्हते. डोळ्यांकडं बघत होते, आणि बघितलं की लगेच दुसरीकडं.

पत्त्यांच्या वेळी लोकांना वाटायचं, ह्यानं आपल्याला फसवलं, आणि ते चेकाळून पुढं सरकायचे. चिठ्ठीच्या वेळी त्यांना वाटलं, ह्याला कळलं, आणि ते मागं सरकले. तात्यांनी हा हिशेब धरलाच नव्हता. लोक हळूहळू मोटारी जळकोटला नेऊ लागले. जे आले ते भलतंच घेऊन आले. एक म्हातारी कोंबडी घेऊन आली आणि विचारू लागली, "सुनंच्या मनात काय हाय तेवढं सांगा."

"मावशे, ह्यो खेळ हाय. खेळ!"

"व्हय व्हय, खेळच. म्या कुटं न्हाय म्हनते? सांगा."

"आगं चिठ्ठी बदलतो म्या! हितं, ह्या बोटात!"

"मोठी मानसं आसंच म्हनत्यात," असं म्हणून म्हातारी कोंबडी ठेवून गेली. ती कोंबडी सिताबाईनं पाळली. निदान तिला तात्यांच्या डोळ्यांत बघायला काही वाटत नसे.

घरी मात्र ताट शेजारी होतं, तोपर्यंत तात्यांना बाकीचं चालण्यासारखं होतं. गाव पाढे म्हणेना का, दादा तर बोलतात.

मग रामकिसन दादांचा मुलगा बालाजी सोलापुरातली नोकरी सोडून आला. त्याला द्राक्षबाग लावायची होती, आणि बँकेला वेगळा सातबारा हवा होता. म्हणजे वाटणी. रानाचे तुकडे दोनच. एक रस्त्याकडंचा, विहिरीचा. दुसरा वरचा, माळाचा, जिथं कुसळं बरी येतात.

"दादा, मला काय करायचंय हिरीला?" जेवता जेवता तात्या म्हणाले. "तुमीच घ्या. बालाजीची बाग हुईल."

दादांचा घास थांबला. त्यांना विहीरच हवी होती, आणि आपल्याला ती हवी आहे हे धाकट्यानं बोलून दाखवलं, हे त्यांना आत कुठंतरी टोचलं. "तुला कसं कळलं मला काय पायजे ते?"

"कळायचं काय त्यात? कुणाला बी हीरच—"

"फुकटचं नगं. गाव म्हनंल, बिनलेकराच्या भावाला गंडवलं. देवापुढं चिठ्ठ्या टाकू." आणि पहिल्यांदाच दादांनी तात्यांच्या डोळ्यांतून नजर काढून घेतली.

अशा चिठ्ठ्यांची रीत सगळ्यांना माहीत आहे. हिस्से कागदावर लिहायचे, घडी घालून देवापुढं ताटलीत टाकायचे, घरातल्या लहान लेकरानं पहिली उचलायची ती थोरल्याची, उरलेली धाकट्याची. देवानं दिलं, बोलणं संपलं. पण इथं धाकटा चिठ्ठीचं काम करणारा होता. म्हणून दादांनी देवळात गेल्या गेल्या भंडाऱ्याचं ताट पुढं ओढलं. "बब्या, हात घाल. मनगटापातूर." तात्यांनी दोन्ही हात हळदीत बुडवले. "आता बस तिकडं खांबापाशी. चिठ्ठी पांढरी हाय. हिला शिवलास तर पिवळी हुईल." पंच म्हणून आलेला कुमार म्हणाला, "डोस्कं लढवलं बघा दादांनी!"

तात्या खांबापाशी बसले, पिवळे हात गुडघ्यावर उताणे ठेवून. मनातून त्यांना बरंच वाटलं होतं. एकदाचा पुरावा झाला.

बालाजीची मुलगी आरोही पुढं आली, तिनं एक चिठ्ठी उचलून आजोबांना दिली. माळ. उरलेली कुमारनं उघडली. विहीर. दोन्ही चिठ्ठ्या पांढऱ्याशुभ्र.

दादा बराच वेळ ती चिठ्ठी उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "एक डाग बी कसा न्हाय?"

"शिवलोच न्हाय, दादा."

"त्येच म्हनालोय म्या. एवढा भंडारा लावला, तरी एक डाग न्हाय! ही जादू न्हाय तर काय हाय?"

कुमारनं डोळे वटारून मान हलवली. ज्या पांढऱ्या कागदानं तात्या सुटायचे, त्याच कागदानं ते अडकले. त्यावर कुमारला आणखी एक आठवलं. "आवं दादा, आन् देव तरी कुटं हाय हितं? देव नळदुर्गाला मुक्कामाला गेलाय की! बघनारंच कुनी नव्हतं!" हे खरंच होतं. हिवाळ्यात अणदूरचा खंडोबा नळदुर्गाला जाऊन राहतो, यात्रा झाली की परत येतो. वाटणीच्या घाईत हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्या सांजेला तात्या जेवायला गेले तर ओसरीवर एकच ताट मांडलेलं. सिताबाई दारात आली, पदराशी चाळा करत म्हणाली, "भावजी, चार दिस कळ काढा. ह्येंचं डोस्कं थंड हू द्या." मागं दादांची पाठ दिसत होती. ती वळली नाही.

चार दिवसांचे बरेच झाले. तात्यांनी दुकानात स्टोव्ह घेतला, भात शिजवायला शिकले, तो रोज खाली लागायचा. विहीर परत द्यावी तर चोरीचा माल परत केला म्हणतील. ठेवावी तर दादा जातात. शेवटी त्यांनी जादूगारानं करू नये ते केलं. दादांना बांधावर गाठलं, कागद फाडला आणि अदलाबदल हळूहळू करून दाखवली. हे बघा खोबण. हे बघा चिठ्ठी गेली. ही आली. ह्याला हात लागतो, दादा, हात लावल्याबिगर हुत न्हाय. मनातलं बिनातलं काय न्हाय. सगळं आयुष्य बंद ठेवलेली मूठ त्यांनी थोरल्या भावापुढं उघडी केली.

दादांनी दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा करायला लावलं. मग सावकाश म्हणाले, "म्हंजे आसं केलंस व्हय तू." आणि बैलांना हाक घालून निघून गेले.

यात्रा झाली, देव परत आला. त्या दिवशी अणदूरात भंडाऱ्याशिवाय दुसरा रंग नसतो. येळकोट येळकोट जय मल्हारच्या गजरात मुठी उधळल्या जातात, माणसं, बैल, रस्ता, कुमारची भजीसुद्धा पिवळी. त्याच दिवशी दादांनी बालाजीकरवी निरोप धाडला, "देव आलाय. आज खऱ्या चिठ्ठ्या."

तात्यांचं ठरलेलं होतं, विहीर दादांनाच जायची. आरोहीच्या एकेरी वहीचा कागद, तांबडी उभी रेघ, दादांचं ठसठशीत अक्षर, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. पाटीवर दोघांनी एकाच मास्तरांकडं गिरवलं होतं. त्यांनी दोन चिठ्ठ्या करून नेल्या. एक विहिरीची, वाकड्या बोटांच्या खोबणीत. दुसरी माळाची, टोपीच्या घडीत. सगळंच पिवळं असताना डागाचा प्रश्न नव्हता. आयुष्यातला सगळ्यात अवघड खेळ, आणि तो असा की कुणालाही कळला तर फसला.

देवळात दादांनी सगळ्यांना चकित केलं. "बब्या, हितं जवळ बस. हात मोकळे ऱ्हाऊ दे." भंडारा नाही, खांब नाही. तात्यांचे डोळे भरून आले. एवढ्या दिवसांनी दादांनी जवळ बसवलं, आणि आपण काय करायला आलोय!

आरोहीनं ताटलीतली चिठ्ठी उचलली. "थांब बाळा, चुरगाळलीस की," म्हणत तात्यांनी ती तिच्या हातून घेतली, सरळ केली आणि दादांना दिली. दादांनी उघडली. विहीर.

"येळकोट!" कुणीतरी ओरडलं. दादांनी घाईघाईनं ताटलीकडं हात नेला. "झालं तर मग. उरला माळ. ती काय उघडायची गरज न्हाय."

"आसं कसं दादा?" कुमारला पंचाची झिंग चढली होती. "मागल्या टायमाला उघडली हुती. रीत ती रीत."

दादांचा हात हवेत राहिला. तोवर तात्यांनी टोपी सावरली, चिठ्ठी उचलली आणि सगळ्यांपुढं उघडून धरली. माळ.

लोक ओरडले, भंडारा उडाला. तात्या दादांच्या चेहऱ्याकडं बघत होते. विहीर मिळालेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. दादा त्या 'माळ' लिहिलेल्या कागदाकडं बघत होते, वाचता येत नसल्यासारखे, पुन्हा पुन्हा. मग त्यांनी तात्यांच्या वाकड्या बोटांकडं बघितलं. आणि मान खाली घालून म्हणाले, "बब्या, सांजंला जेवायला ये."

ताट परत शेजारी आलं. सिताबाईनं पिठलं केलं होतं, भाकरी गरम होती. दादा मात्र पूर्वीसारखे बोलत नव्हते. "मीठ कमी हाय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"हं."

तेव्हापासून रोज असंच आहे. दादा वाढून देतात, स्वतःच्या ताटातली साय उचलून तात्यांच्या ताटात टाकतात, पाण्याचा तांब्या पुढं सरकवतात, पण मान वर करत नाहीत. तात्या उजवा कान पुढं करून बसतात, आणि ऐकू येतं ते भाकरी मोडल्याचं.

आता माझ्या आणि तात्यांच्या पैजेचं. मी गावात तात्यांची नक्कल करणारी पोरगी. तात्या टोपी नेहमी डाव्या हातानं सावरतात. त्यांची नक्कल करणाऱ्याला एवढं तर माहीत असतंच. त्या दिवशी देवळात त्यांनी ती उजव्या हातानं सावरली, आणि गर्दीत ते फक्त मला खटकलं. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी त्यांच्याच आवाजात म्हटलं, "व्हय मावशे, ह्यो खेळ हाय, खेळ." ते कितीतरी वेळ हसले. मग त्यांनी खिशातून दोन पिवळ्या चिठ्ठ्या काढून फळीवर ठेवल्या. दादांनी लिहिलेल्या, खऱ्या. घड्या तशाच.

"उघडल्या नाहीत?" मी विचारलं.

"न्हाय. देवानं काय दिलं हुतं, ते कशाला बघू? म्या बदललं ते बदललं."

"तुम्ही? दुसऱ्याच्या चिठ्ठ्या चोरून वाचायचं काम तुमचं, आणि ह्या नाही वाचणार? आठ दिवसांत वाचाल. पैज!"

"लाव. फळीवरच ऱ्हातील. जो आधी उघडंल त्येनं भजी चारायची." मग डोळे बारीक करून म्हणाले, "पोरी, तूच हरशील बघ."

मी अजिबात हरणार नव्हते. तिसऱ्याच दिवशी तात्या कुणाच्या रानात मोटार बसवायला गेले, दुकान मला बघायला सांगून. फळीवर चिठ्ठ्या. रस्ता मोकळा.

पहिली उघडली. विहीर. दुसरी उघडली. विहीर. दोन्हींवर तेच ठसठशीत अक्षर, तीच तांबडी रेघ. त्या दिवशी दुसरी चिठ्ठी जशीच्या तशी लोकांपुढं उघडली असती, तर रामकिसन दादांना गावात तोंड दाखवता आलं नसतं.

मी घड्या होत्या तशा घातल्या. होत्या तिथं ठेवल्या. तोंडावर काही दिसू नये म्हणून तेराचा पाढा म्हणत बसले. तात्या आले, पाना ठेवला, हात पुसले. फळीकडं त्यांनी बघितलंही नाही. माझ्याकडं बघितलं, स्टूल ओढून बसले, आणि मान दुसरीकडं वळवून म्हणाले, "काय लिवलंय ते मला सांगू नगंस. जा, कुमारला म्हनावं, मिरचीची काढ."